उत्तरेला जाताच आहात तर

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो की त्याने सगळं मागे टाकून उत्तरेकडे तोंड करावं. ऋषिमुनींनी केलं, पांडवांनी केलं. मी केलं तेव्हा समोर बी विंगची पाण्याची टाकी आली. पण टाकीच्या पलीकडे दहिसर आहे, दहिसरच्या पलीकडे गुजरात आहे, आणि बोरिवली पूर्वेच्या चौथ्या मजल्यावरून असंच न कंटाळता सरळ बघत राहिलं तर शेवटी हिमालय लागतो, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पांडवांचं पुढे नेमकं काय झालं, ते मात्र त्या वेळी आठवलं नाही.

खरं सांगायचं तर हिमालय माझ्या डोक्यातला नव्हता. तो सुलक्षणाचा. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि या चोवीस वर्षांत आमची प्रत्येक रजा देवगडला गेली आहे. मे महिन्यात आंब्यासाठी, भाद्रपदात गणपतीसाठी, मधेच कुणाच्या तरी बाराव्यासाठी. गावाला मी ओटीवर बसून हवा खातो आणि सुलक्षणा चौदा माणसांचा स्वयंपाक करते. या वर्षी होळीच्या दिवशी तिने पुरण वाटता वाटता जाहीर केलं, "यंदा गाव नाही. बर्फ. माझे गुडघे आहेत तोवर मला बर्फात चालायचंय."

ती पोस्टात आहे. पाच मे ते वीस मे अशी सोळा दिवसांची रजा तिने मंजूर करून घेतली होती. पोस्टात मे महिन्यात सोळा दिवस मिळवणं म्हणजे काय, हे पोस्टातल्या माणसालाच विचारावं.

यावर साध्या नवऱ्याने सहलीच्या कंपनीला फोन केला असता. पण मी वाचन असलेला माणूस आहे. मी रात्रंदिवस मोबाइलवर परदेशी जोडपी बघत होतो. आपल्या मोटारीच्या मागे चाकांवरची छोटी खोली जोडायची, वाटेल तिथे थांबायचं, दार उघडून कॉफी प्यायची. त्यांच्यातलं कुणीही कधी घामेजलेलं दिसत नाही. मी ठरवलं, आपणही तशी गाडीमागची खोली घ्यायची आणि हिमालयापर्यंत ओढत न्यायची.

विकत घ्यायला गेलो तर किंमत ऐकून मी दुकानदाराला धन्यवाद म्हणून बाहेर आलो. मग ऑफिसातल्या कुणीतरी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहूचा पत्ता दिला. लहूच्या गाळ्यात पत्र्याचं काहीही बनतं. त्याने माझी चित्रं शांतपणे पाहिली आणि म्हणाला, "झकास होईल सर. वीस दिवस. टेन्शन नाय घ्यायचं."

लहूने शब्द पाळला. वीस दिवसांनी मी बघायला गेलो तर खोली तयार होती. पांढरी, देखणी, दोन चाकं, आत दोन माणसांचा पलंग, वर कपाटं. फक्त एका बाजूची अख्खी भिंत वर उचलली जात होती आणि तिच्याखाली स्टीलचा लांब कट्टा होता.

"हे काय?"

"काउंटर."

"काउंटर कशाला?"

लहूने माझ्याकडे दयेने पाहिलं. "सर, गिऱ्हाइकाला प्लेट कुठून देणार?"

गेली अकरा वर्षं लहू फक्त वडापाव, चायनीज आणि डोशाच्या गाड्या बनवत होता. झोपायला जागा म्हणजे रात्री कारागीर झोपणार, असं त्याने गृहीत धरलं होतं. छपराला धुराडं होतं. आत झारे टांगायच्या सात आकड्या होत्या. बाहेर भावफलकाची चौकट होती, ती रिकामी वाईट दिसेल म्हणून तिच्यात त्याने स्वखर्चाने 'सुस्वागतम' रंगवून घेतलं होतं. "पुढेमागे नोकरी सोडलीत तर कामाला येईल," तो म्हणाला.

खोली सोसायटीच्या फाटकाबाहेर उभी केली त्याच संध्याकाळी दोन कॉलेजकन्यकांनी मला विचारलं, "काका, चालू कधी होणार?" तिसऱ्या दिवशी अतिक्रमण हटवणारी गाडी आली. तिच्यातल्या साहेबांना मी सांगितलं की ही खाद्यपदार्थांची गाडी नसून राहायची खोली आहे. ते म्हणाले, "म्हणजे रस्त्यावर झोपडी." मी म्हटलं, झोपडी नाही, वाहन आहे. "मग नंबर दाखवा."

नंबरासाठी मी परिवहन कार्यालयात गेलो. कुठल्या, ते सांगत नाही, माझी एक फाइल अजून तिथे आहे. खिडकीमागच्या बाईंनी कागद पाहिले आणि विचारलं, "ट्रॅक्टर कुठाय?"

"ट्रॅक्टर नाही, मोटार आहे."

"मोटारीला ट्रॉली कशाला? ऊस काय डिकीत मावेना?"

"ऊस नाही. माणसं."

"ट्रॉलीत माणसं भरायला बंदी आहे."

"चालताना नाही हो मॅडम. थांबल्यावर आत जायचं आणि झोपायचं."

बाईंनी चष्मा काढला. "थांबल्यावर माणूस जिथे झोपतो त्याला घर म्हणतात. घराचं काम आमच्याकडे होत नाही."

अशा पाच खेपा झाल्या. सहाव्या खेपेला एका वयस्कर साहेबांनी यादीतला सगळ्यात शेवटचा रकाना शोधून काढला. त्या रकान्याचं नाव 'इतर' होतं. सरकारी दप्तरी मी आता एका 'इतर'चा मालक आहे.

नंबर मिळाल्यावर खोली फाटकाच्या आत आणली. तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी नितेश सावंत यांची नोटीस आली. नितेश माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो, आणि नोटीस मात्र 'श्री. सहदेव घाडी, ए/४०२' अशी लिहितो. एका सदनिकेला एक वाहन. ज्याला स्वतःचं इंजिन नाही ते वाहन नाही. सात दिवसांत न हलवल्यास भंगार समजण्यात येईल. मी त्याला जिन्यात गाठलं.

"दादा, राग नका मानू यार, पण उद्या कुणी बैलगाडी आणेल. मी कुणाकुणाला आवरू?"

"अरे पाच मेला जातोच आहोत आम्ही."

"पण कुठे?"

मी दुखावलो होतो. आपण काय दर्जाचं काम हाती घेतलंय हे या लोकांना कळत नाही, असं मला वाटलं. म्हणून त्याच दुपारी मी प्रवासाचा नकाशा चार रंगांत काढून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. बोरिवली, नाशिक, इंदूर, ग्वाल्हेर, हरिद्वार, मनाली. हरिद्वार खरं तर आडवाटेला पडतं. पण नकाशावर तिथे नदीची निळी रेघ फार सुरेख आली होती.

या एका निळ्या रेघेने माझं वाटोळं केलं.

आधी नेहमीप्रमाणे सल्ले आले. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली वैष्णोदेवीला जाऊन आलेला प्रत्येक माणूस अजून स्वतःला उत्तर भारताचा जाणकार समजतो. सी विंगच्या माधुरीवहिनी म्हणाल्या, तिकडे नारळ मिळत नाही, वीस नारळ घ्या. दुसऱ्या कुणी म्हणालं, नारळाच्या वजनाने घाटात गाडी मागे येते. माधुरीवहिनींनी विचारलं, मग सोलून घेतले तर? या विषयावर ग्रुपमध्ये त्रेसष्ट संदेश झाले.

त्यानंतर रविवारी सकाळी नाना आले.

नाना तळमजल्यावर राहतात. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं एका बँकेच्या दारात रखवालदारी केली. आता ब्याऐंशीचे आहेत. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "सहदेवा, तू हरिद्वाराक जातंस मां?"

"हो नाना."

"मगे जानकीक घेऊन जाशीत?"

जानकीकाकू जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांच्या अस्थी चौपाटीवर सोडल्या, पण थोड्या काढून तांब्याच्या लोट्यात ठेवल्या होत्या. "तिना जातना सांगल्यान, माका गंगेत सोडा," नाना म्हणाले. मग मुलांवर आले, "दोनय झील म्हणतत, फुडल्या सुट्टेक जावया. पाच वर्सा झाली. फुडली सुट्टी काय येवक नाय." अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून लोटा खिडकीच्या गजाला बाहेरून बांधलेला असायचा. जुनी इमारत पाडली तेव्हा लोटा भाड्याच्या जागेच्या गजाला गेला, नवी इमारत झाली तेव्हा परत इथल्या गजाला आला. "काय मोठा वजन नाय तिचा," नाना म्हणाले. "जिवंत असताना पण नाय होता."

मी एका विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या विभागात आहे. दिवसाला चाळीस वेळा नाही म्हणतो. घरी येईपर्यंत ते माझ्याकडचं संपलेलं असतं. शिवाय नानांना नाही कोण म्हणणार? मी लोटा घेतला, खाली जाऊन खोलीच्या वरच्या कपाटात ठेवला, आणि दोन दिवस मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं. त्या भरात मी सुलक्षणाला सांगायचं विसरलो. म्हणजे लक्षात होतं, पण विसरलो.

मंगळवारी बी विंगमधला एक गृहस्थ लिफ्टमध्ये हळूच म्हणाला, "नानांचं नेताय म्हणे. आमचे वडीलपण आहेत. लॉकरमध्ये." मला वाटलं बँकेच्या. स्मशानाच्या लॉकरमध्ये निघाले, आठ वर्षं. एक नेताय, तर दोन काय जड आहेत? बुधवारी माधुरीवहिनी सासूबाईंना घेऊन आल्या. "हयात होत्या तेव्हा मला म्हणायच्या, तू मला कुठे नेत नाहीस. घ्या, आता नेतेय ना!" वस्तुतः नेत मी होतो. गुरुवारी दोन आले, शनिवारी तीन. सगळे लोटे सारखेच, तोंडाला पांढरं फडकं. गोंधळ नको म्हणून मी चिकटपट्टीवर फ्लॅट नंबर लिहून लावले. बी/४०३. सी/१०१. ज्या माणसांना हयातभर स्वतःच्या नावावर जागा करता आली नाही, त्यांच्यावर आता मुलांच्या जागेचे नंबर होते. एकाने तर लोटा दिल्यावर पावती मागितली.

आणि सूचना! वडिलांना सूर्योदयाआधी सोडा, त्यांना उन्हाचा त्रास होता. सासऱ्यांना बी/६०१ च्या काकांशेजारी ठेवू नका, दोघांचं बोलणं नव्हतं. व्हिडिओ करा, पण उभा नको, आडवा. आठ घरांतल्या कुणालाही हरिद्वारला जायला इतक्या वर्षांत सवड झाली नव्हती, पण तिथे काय काय करायचं हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

सात दिवसांची मुदत संपली त्या दिवशी नितेश स्वतः खाली आला. मी भांडायच्या तयारीने उभा राहिलो. त्याच्या हातात नोटीस नव्हती. पिशवी होती.

"दादा, ते भंगाराचं सोडा," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "आमचे थोरले काका आहेत. खिडकीजवळची जागा मिळाली तर बघा ना."

असे नऊ झाले.

तीन मेला सुलक्षणा नवे पडदे घेऊन खाली गेली. तिने पलंगावर फुलाफुलांची चादर घातली, उशा ठेवल्या, आणि आपला स्वेटर ठेवायला वरचं कपाट उघडलं. मी चाकात हवा बघत होतो.

"अहो."

"काय गं?"

"इकडे या. हे काय आहे?"

मी वाकून बघितल्यासारखं केलं. "शेजारी."

"कुठले शेजारी?"

"बरेचसे बी विंगचे."

तिने एकेक नंबर मोठ्याने वाचला, रजिस्टर पत्रं मोजावीत तसा. "नऊ. चोवीस वर्षं मी तुमच्या चौदा माणसांत रजा घालवली. एकदा, फक्त एकदा म्हटलं, दोघंच जाऊ. आणि तुम्ही माझ्या डोक्याशी नऊ माणसं आणून ठेवलीत?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी तिची समजूत काढायला गेलो. म्हटलं, "अगं, निदान यांचा स्वयंपाक तरी नाही."

सुलक्षणाने चादर काढली, घडी केली, उशा काखेत मारल्या. "उद्यापर्यंत नानांचा सोडून बाकी सगळे परत. नाहीतर मी येत नाही."

मी त्याच संध्याकाळी आठ लोट्यांची पिशवी घेऊन दारोदार फिरलो. एकाही दाराची साखळी पुरती निघाली नाही. कारण सगळीकडे एकच आणि बिनतोड: गंगेला निघालेल्या अस्थी परत दारात घेत नाहीत. अशुभ असतं. माधुरीवहिनी तर दाराच्या फटीतून हात जोडून म्हणाल्या, "भावोजी, सासूबाई परत आल्या तर हे मला घराबाहेर काढतील." नितेशने आवाज न करता दिवा मालवला. मी पिशवी घेऊन पुन्हा पार्किंगमध्ये आलो.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाने पोस्टातूनच फोन केला. महिलांच्या एका सहलीत दोन जागा रद्द झाल्या होत्या. विमानाने चंदीगड, तिथून मनाली. एक जागा तिने घेतली.

"आणि दुसरी?" मी आशेने विचारलं.

"माधुरीवहिनींनी. त्या म्हणाल्या, सासूबाईंची सोय झालीच आहे, तर मी पण येते."

पाच मेला सकाळी सुलक्षणाची टॅक्सी विमानतळाकडे गेली आणि माझी मोटार, मागे नऊ लोटे आणि शेजारी नाना, घोडबंदर रस्त्याला लागली. नाना आयत्या वेळी आले. "एवढ्या लांब ती एकटी कधी गेलली नाय," म्हणाले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि डोक्याला माकडटोपी. मनालीचा बर्फ त्यांनीही मनावर घेतला होता.

आमची मोटार नऊ वर्षांची आहे आणि तिने आजवर ओढलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे माझा मेहुणा. कसारा घाटात तिसऱ्या वळणावर जळका वास आला. नाना म्हणाले, "कोण तरी मिरच्यो भाजता." चौथ्या वळणावर क्लच गेला. लहूच्या खोलीने आम्हाला हळूहळू मागे ओढायला सुरुवात केली. नानांनी शांतपणे खाली उतरून चाकामागे दगड लावला. बँकेच्या रखवालीत असं काय काय शिकायला मिळतं कोण जाणे.

मोटार एका ओढगाडीने इगतपुरीच्या गॅरेजात नेली. दोन दिवस ती उघडून ठेवल्यावर मेकॅनिकने आणखी पाच दिवस सांगितले, म्हणजे दहा. खोलीचं काय करायचं, हा प्रश्न होता. तेवढ्यात बाजारात टोमॅटो उतरवून रिकामा परतणारा टेम्पो थांबला. चालकाने 'सुस्वागतम' वाचलं, विचारलं, "काय काय मिळतं?" काही मिळत नाही म्हटल्यावर तो थोडा निराश झाला, पण खोली आपल्या टेम्पोमागे जोडून नाशिकपर्यंत न्यायला तयार झाला. आत काय आहे ते मी सांगितलं नाही. नानांनी सांगितलं. त्याने कानाला हात लावला, गाणी बंद केली आणि अख्ख्या रस्त्यात एकदाही हॉर्न वाजवला नाही.

नाशकात शिरल्यावर नाना म्हणाले, "सहदेवा, आता फुडे नको. हयच रामकुंडात सोडूया."

"नाना, काकूंना गंगा हवी होती."

"हयले लोक गोदावरीकच गंगा म्हणतत. आणि खरा सांगू? ती लगीन होऊन मुंबैक इली ती थय सोडून खंयच गेली नाय. तिका काशी काय आणि नाशिक काय. तिका घराभायर पडाचा होता."

मी नकाशा पिशवीत ठेवला.

रामकुंडावर गुरुजींनी नऊ लोटे ओळीने मांडून घेतले. पहिल्याला हात लावून विचारलं, "नाव?"

"बी चारशे तीन."

"गोत्र?"

मी आठ घरांना फोन लावले. आठांपैकी एकालाही आपलं गोत्र सांगता आलं नाही. दोघांनी जात सांगितली, एकाने रास. गुरुजींना सवय असावी. गोत्र ठाऊक नसलेला माणूस काश्यप धरतात, म्हणाले, आणि आमच्या सोसायटीतल्या आठही घराण्यांना एका दमात काश्यप करून टाकलं. त्यातले दोघे हयातीत एकमेकांच्या हातचं पाणी पीत नसत. मी एकामागून एक व्हिडिओ कॉल लावले. लोक ऑफिसात होते, बाजारात होते, एक जण दाढी करत होता. प्रत्येकाने हात जोडले आणि विचारलं, "हे हरिद्वारच ना?" मी कॅमेरा पाण्याकडे वळवत राहिलो. आडवा धरून.

नितेशने मात्र काठावरची पाटी वाचली. "दादा, हे तर नाशिक आहे यार!"

"ज्याला स्वतःचं इंजिन नाही," मी म्हटलं, "त्याने कुठे पोचायचं ते ठरवू नये." फोन ठेवला. महिनाभरात मला पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं.

शेवटचा लोटा नानांचा. त्यांनी तो गुरुजींकडे दिला नाही. माकडटोपी काढली, धोतर खोचलं, तिसऱ्या पायरीपर्यंत स्वतः उतरले आणि फडक्याची गाठ सोडायला लागले. पाच वर्षांच्या उन्हापावसाने ती आवळली होती. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाले, "रव. तिच्या गाठी माकाच सुटतत." पुष्कळ वेळ लागला. मागे रांग लागली होती.

वर आलो तेव्हा खोलीभोवती दहाबारा माणसं जमली होती आणि चहा कितीला, असं विचारत होती. टेम्पोवाला त्यांना पांगवत होता. मी पायरीवर बसून मोबाइल बघितला. ग्रुपवर एकेचाळीस हात जोडलेले होते, आणि त्यांच्याखाली ए/२०१ चा प्रश्न: 'सहदेवभाऊ, पुढच्या वर्षी गयेला जाणार असाल तर आत्ताच कळवा.'

सुलक्षणाचा फोटो आला होता. भाड्याचा लोकरी झगा, लाल बूट, घोट्यापर्यंत बर्फ, आणि चोवीस वर्षांत मी न पाहिलेलं हसू. शेजारी माधुरीवहिनी पडलेल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'इथे उणे दोन आहे. माझा स्वेटर तुमच्याकडेच राहिला.'

नाशिकला त्या दिवशी एकोणचाळीस अंश होतं.